काल्पनिक जगाचा पहिला देव घडवताना

काल्पनिक जगावर कादंबरी, चित्रकथा किंवा खेळ रचणाऱ्या तरुण लेखकांच्या पत्रांत एक अडचण हटकून असते. नकाशा झालेला असतो, राजघराण्यांच्या वंशावळी झालेल्या असतात, तलवारींचंसुद्धा बारसं उरकलेलं असतं. घोडं अडतं ते देवांपाशी. ‘सगळ्यांच्या आधी कोण होतं?’ असं स्वतःला विचारलं की बहुतेकांची वही एकाच वाटेने जाते. आधी पोकळी, मग प्रकाशाचा देव, मग अंधाराची देवी, दोघांचं युद्ध आणि युद्धातून सृष्टी. पानंच्या पानं भरतात, पहिलं प्रकरण मात्र कोरंच राहतं.

मग प्रश्न येतात. देव किती असावेत? ते ब्रह्मा-विष्णू-महेशांसारखे नाहीतर ग्रीकांसारखे वाटतात, काय करावं? गोंडांच्या कथा घेतल्या तर चालतील का? कुणाच्या भावना दुखावल्या तर?

एकेकाचं उत्तर खाली देतो, पण आधी मुळातली चूक सांगतो. तुम्ही वरून खाली येता: आधी विश्व, मग देव, मग देऊळ, सगळ्यांत शेवटी माणूस. हे उलटं करा. माणूस त्या देवापुढे काय ठेवतो, कोणतं नाव घ्यायचं टाळतो, कुठे सोयरीक करत नाही, हे आधी ठरवा. विश्वाची उत्पत्ती शेवटी लिहा. तिच्यावाचून भागत असेल तर लिहूच नका.

‘तुंबाड’कडे लेखक म्हणून पाहा

मराठी मातीतल्या नव्या आद्य दैवताचं सगळ्यांत यशस्वी उदाहरण २०१८ साली पडद्यावर आलं. ‘तुंबाड’ची भाषा हिंदी असली तरी वाडा, माणसं आणि पाऊस आपले आहेत. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलं आहे की, १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या अभयारण्यात एका मित्राने त्यांना नारायण धारपांची कथा ऐकवली आणि तिथून ही कल्पना सुरू झाली. नागझिरा म्हणजे नागपूरकरांच्या रविवारच्या सहलीची जागा. तेव्हा ‘आमच्याकडे असं काही सुचत नाही’ ही सबब आता चालणार नाही.

या चित्रपटातली समृद्धीची देवी ही सगळ्या देवांची आई आहे आणि पृथ्वी हे तिचं गर्भाशय. तिचा पहिला आणि लाडका मुलगा हस्तर. त्याने सोनं बळकावलं, धान्यावर हात टाकायला गेला तेव्हा बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला वाचवून पोटात घेतलं, पण एका अटीवर: त्याची पूजा कधीही होणार नाही. सृष्टीची कथा एवढीच आहे आणि ती सांगायला काही मिनिटं पुरतात. बाकी सगळा चित्रपट या एका अटीच्या परिणामांवर चालतो.

परिणाम कसे उतरलेत ते पाहा. हस्तरला धान्य मिळालं नाही, म्हणून तो भुकेला आहे. भुकेला आहे, म्हणून कणकेच्या बाहुलीने त्याला भुलवता येतं. पिठाच्या रिंगणात माणूस सुरक्षित राहतो. त्याच्याकडे सोनं आहे, म्हणून माणूस खाली उतरतो. पूजेची बंदी मोडून एका घराण्याने त्याचं देऊळ बांधलं, म्हणून गावावर पाऊस थांबत नाही. प्रत्येक नियम मूळच्या कथेतून निघतो आणि प्रत्येक नियम कुणाच्या तरी जिवावर बेततो. शेवटी जो घात होतो तोही नव्या नियमामुळे होत नाही, जुनाच नियम कुणीतरी हावरटपणे ताणल्यामुळे होतो. आपल्या दैवताची ओळख तुम्हाला एवढ्याच ओळींत लिहिता आली पाहिजे:

- त्याला काय हवं होतं?
- काय मिळालं नाही?
- त्याच्यावर कोणती अट घातली गेली आणि ती कोणी घातली?
- ती अट मोडली तर आज, कथेच्या काळात, काय घडतं?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल, तर ते दैवत या कथेत लागत नाही. दुसऱ्या पुस्तकासाठी ठेवा.

आधी जमीन, मग दैवत

नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. इथे बसून कुणी सूर्याला दयाळू पिता म्हणून उभं केलं, तर ते मला थंड देशातून उसनं आणल्यासारखं वाटतं. तुमच्या जगातला सूर्य शत्रू असेल, तर पहिली देवी सावली असू शकते. सावली देणारं झाड तोडणं हे पहिलं पाप ठरू शकतं. पुढचं सगळं मग आपोआप सुचू लागतं. नकाशा समोर घ्या आणि तीनच गोष्टी लिहा: त्या जगात वर्षाचा कोणता काळ जीवघेणा असतो, कोणती वस्तू कधीच पुरत नाही आणि कोणत्या जागी माणसं एकटी जात नाहीत. पहिलं दैवत यांपैकी एका उत्तरात बसलेलं असतं.

प्रत्यक्षातही असंच दिसतं. पूर्व विदर्भातल्या गोंड परंपरेत सर्वोच्च दैवत फडापेन, म्हणजे बडादेव. त्याला घडवलेली मूर्ती लागत नाही. त्याचं ठाणं साजाच्या झाडापाशी असतं. गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यात कचारगडची प्रचंड गुहा आहे. गुहेत कोंडलेल्या पूर्वजांना गोंडांचा आद्य मार्गदर्शक पारी कुपार लिंगो याने बाहेर काढलं, अशी श्रद्धा आहे आणि माघ पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते. एक झाड, एक गुहा, एक सुटका. हाताने दाखवता येईल अशी जागा आहे, म्हणून कथा टिकते. पारशिवनी तालुक्यातल्या दैवताला लोक कुंवारा भिवसन म्हणतात. एका विशेषणात त्याचं अर्धं चरित्र आलं. तुमच्या वहीतल्या ‘अनंत तेजस्वरूप’ देवाला असं काही चिकटलेलं आहे का, तपासा.

सुरुवातीचा साचा निवडा

जगातल्या जुन्या कथांनी काही वाटा पाडून ठेवल्या आहेत. वाट जुनी असली तरी बिघडत नाही. कथेला न शोभणारी वाट मात्र पुढे छळते.

- पाणी आणि गोंगाट. बॅबिलोनच्या सात मृत्तिकापट्टांवरच्या ‘एनुमा एलिश’मध्ये अप्सू आणि तियामत ही आद्य जलं. धाकट्या देवांच्या गोंधळाने झोप उडते, म्हणून अप्सू त्यांना संपवायला निघतो. घराण्यातल्या पिढ्यांचा संघर्ष लिहीत असाल तर ही वाट घ्या.
- आई-बापांची फाळणी. ग्रीक कवी हेसिअडकडे आकाश आणि पृथ्वी यांना त्यांचा मुलगा क्रोनस विलग करतो, आणि पुढे त्याचीही गत त्याच्या मुलाच्या हातून तशीच होते. सत्तांतराच्या कथेला योग्य, पण वापरून वापरून गुळगुळीत झालेली.
- झोपलेला कर्ता. आयरिश लेखक लॉर्ड डन्सेनी यांनी १९०५ मध्ये ‘पेगानाचे देव’ या पुस्तकात संपूर्ण दैवतमंडळ मनाने रचलं. त्यात आद्य देव इतर देवांना घडवून झोपी जातो. एक ढोलकरी अखंड ढोल वाजवतो, कारण ढोल थांबला की तो जागा होईल आणि देवांसह सगळी जगं संपतील. एका नियमात अख्ख्या विश्वाचा ताण बसवण्याचं यापेक्षा नेटकं उदाहरण मला माहीत नाही.
- टाकलेलं मूल. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात (सूक्त ७२) अदितीला आठ मुलं होतात. सातांना घेऊन ती देवांकडे जाते, आठव्या मार्तंडाला टाकून देते. याच सूक्तात अदितीपासून दक्ष आणि दक्षापासून अदिती जन्मते, आणि हा घोळ सोडवण्याची घाई सूक्तकर्त्याला नाही. तुम्हालाही नसावी.
- कोणालाच माहीत नाही. त्याच मंडलातलं नासदीय सूक्त शेवटी अशी शंका घेतं की, हे सगळं कसं झालं ते वरून पाहणाऱ्यालाही कदाचित ठाऊक नसेल. धर्मपंडितांचे वाद कथेत असतील तर यासारखी सोय नाही.

टोल्किन यांच्या जगात सृष्टी गाण्यातून होते. ती कल्पना इतकी ओळखीची झाली आहे की, निदान पहिल्या पुस्तकात तिच्या वाटेला जाऊ नका.

देव किती, हा प्रश्न या टप्प्यावर सुटतो. कथेत ज्यांच्यामुळे काही अडतं तेवढेच. बहुतेकांना एक ते तीन पुरतात. बाकीच्यांची नावं पुजाऱ्याच्या तोंडी ओझरती येऊ द्या.

नाव कसं ठेवावं

जोडाक्षरांनी लगडलेली नावं वाचकाला तिसऱ्या पानावर आठवत नाहीत. शिवाय खरी माणसं भीतीच्या दैवताचं खरं नाव सहसा घेत नाहीत. लक्ष्मीच्या आधी समुद्रातून निघालेली तिची थोरली बहीण अलक्ष्मी. आपण तिला अक्काबाई म्हणतो आणि घरावर अवकळा आली की ‘अक्काबाईचा फेरा’. गावाच्या वेशीवरच्या देवीला विदर्भात मातामाय म्हणतात. नात्याचं नाव दिलं की धाक आणि जवळीक दोन्ही एकदम येतात.

दोन नावं ठेवा. एक पोथीतलं, जे कथेत दोन-चार वेळाच येईल. दुसरं रोजच्या वापरातलं: थोरली, म्हातारा, खालचा, न बोलावलेली, असं काहीतरी. दोन्ही नावं मोठ्याने म्हणून पाहा. आजी नातवाला दटावताना ते नाव घेऊ शकत नसेल, तर नाव बदला.

प्राचीनपणा कसा दाखवावा

‘लाखो वर्षांपूर्वी’ असं लिहून काहीही जुनं होत नाही. जुनेपणा दिसतो तो कष्ट शिल्लक आणि अर्थ गहाळ असला की. नागपूरजवळ काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीला जा. मोठमोठ्या दगडांची वर्तुळं आहेत, काही दगडांवर मुद्दाम कोरलेले वाटीसारखे खळगे आहेत. माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट इथंही अशी शिळावर्तुळं आहेत. माहुरझरीच्या उत्खननात माणसांसोबत पुरलेले घोडे आणि घोड्यांच्या तोंडावरचे तांब्याचे अलंकार मिळाले. हे लोक सुमारे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचे. घोड्याला सजवून पुरताना त्यांनी कुणाला हाक मारली, ती हाक कुठे उरलेली नाही.

लेखकाला यातून युक्ती मिळते. तुमच्या आद्य दैवताच्या उपासनेचा एक अवशेष कथेत ठेवा आणि त्याचा अर्थ कोणत्याही पात्राला पूर्ण कळू देऊ नका. दगडावरच्या खळग्यांत बायका अजून तेल घालतात, का ते सांगता येत नाही. बस्स. निवेदकानेही तोंड उघडू नये.

दुसरी युक्ती: एकाच कथेची किमान दोन रूपं ठेवा, आणि ती एकमेकांना छेद देणारी असू द्या. मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांच्या परधान गायकांकडून मिळवलेली लिंगोची कथा त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, रिचर्ड टेंपल यांनी छापली. त्या रूपात महादेव-पार्वती जागोजाग येतात. पुढे नागपूरचे अभ्यासक मोतीरावण कंगाली यांनी गोंडी पुनेमच्या, म्हणजे गोंड धर्माच्या, बाजूने लिंगोची मांडणी केली, तिचा रोख वेगळा आहे. (हिस्लॉप यांचा शेवटही एखाद्या कादंबरीतला वाटावा असा: १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना ते नदीच्या पुरात बुडाले.) आणि जुनं कशाला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवला जाणारा काळ्या मारबतीचा पुतळा पाहा. ही प्रथा एकोणिसाव्या शतकातली, तरी कुणी तिला पूतना मानतं, कुणी तिचा संबंध भोसल्यांच्या बाकाबाईशी जोडतं. ज्यांना काही म्हणायचं नसतं ते नुसतेच रोगराई नि महागाई तिच्यासोबत घालवून देतात. दीड शतकात जर इतके फाटे फुटतात, तर दहा हजार वर्षांच्या तुमच्या देवाची एकच अधिकृत कथा कशी असेल?

देवामुळे कुणाचं काय अडतं?

गोंड समाजात चार देव, पाच देव, सहा देव, सात देव अशा सगा, म्हणजे कुळगट, आहेत. एकाच देवसंख्येच्या घरांत सोयरीक होत नाही. म्हणजे दैवतकथा थेट लग्न ठरवते. कथाकाराला याहून जास्त काय हवं? तुमच्या पहिल्या देवाने निदान एक व्यवहार अडवला पाहिजे: लग्न, वारसा, शेती, अन्न किंवा प्रेताची विल्हेवाट. मग प्रेमकथा असो की खून, धर्म कथेत आपसूक येतो, त्यासाठी वेगळी माहितीपर पानं लिहावी लागत नाहीत.

हमखास होणाऱ्या चुका

- सर्वशक्तिमान देव. त्याला काहीच अशक्य नसेल तर कथेत कुणालाच धोका उरत नाही.
- खात्यांची वाटणी: युद्धाचा देव, प्रेमाची देवी, व्यापाराचा देव. हे मंत्रिमंडळ झालं. एका देवाकडे न जुळणाऱ्या दोन गोष्टी द्या, उदाहरणार्थ बाळंतपण आणि कर्ज.
- पहिल्या प्रकरणाआधी सृष्टीकथेचं प्रास्ताविक. संपादक ते आधी कापतात, वाचक ते आधी ओलांडतात.
- ‘गोरे ते देव, काळे ते राक्षस’ ही नकळत झालेली रंगसंगती. हस्तलिखित पुन्हा वाचताना फक्त यासाठी एक फेरी मारा.

जिवंत देवांना हात लावण्यापूर्वी

फडापेन, लिंगो, जंगो रायताड ही आज पुजली जाणारी दैवतं आहेत. त्यांच्या कथेची घडण अभ्यासा: गुहा, सुटका, गाणारा मार्गदर्शक. नाव, चिन्ह आणि पूजाविधी मात्र उचलू नका, आणि त्यांना राक्षस तर मुळीच करू नका. एखादी कथा थेट वापरायचीच असेल, तर त्या समाजातल्या जाणत्या माणसांना हस्तलिखित दाखवा, त्यांचं म्हणणं पटलं नाही तरी ऐका आणि पुस्तकात ऋण मान्य करा. लोककथेवर एका व्यक्तीचा कॉपीराइट नसतो, हे खरं. पण कुणा संकलकाने लिहून छापलेल्या मजकुरावर तो असू शकतो.

भावना दुखावण्याच्या भीतीबद्दल: भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ मध्ये जाणूनबुजून आणि द्वेषबुद्धीने एखाद्या वर्गाच्या धर्माचा किंवा श्रद्धेचा अपमान करण्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही आहेत. मनाने रचलेल्या दैवतामुळे सहसा तिथवर वेळ येत नाही. खऱ्या देवाचं नाव एक अक्षर बदलून वापरलं, तर मात्र ‘काल्पनिक आहे’ हा बचाव लंगडा पडतो.

तुमचे हक्क

- नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही, तिच्या मांडणीवर मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केलं. म्हणून ‘भुकेला आद्यपुत्र’ ही कल्पना कुणीही घेऊ शकतो. हस्तर, त्याची अट आणि त्याच्या बाहुल्या जशाच्या तशा घेता येत नाहीत.
- कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं संरक्षण असतं. डन्सेनी १९५७ मध्ये गेले, त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन भारतात आता खुलं आहे. धारप २००८ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या कथा २०६८ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. रूपांतर करायचं तर परवानगी घ्यावी लागेल.
- नोंदणी सक्तीची नाही. लिहिताक्षणी हक्क तयार होतो. वादात पुरावा म्हणून नोंदणी उपयोगी पडते, हस्तलिखिताच्या तारखेसह ठेवलेल्या प्रतीही पडतात.
- प्रकाशक, खेळ बनवणारी कंपनी किंवा वेबमालिकेचा निर्माता हक्क मागेल तेव्हा करार वाचा. हस्तांतराची मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळं काही म्हटलेलं नसल्यास तो परत तुमच्याकडे येतो. कादंबरीसोबत ‘या जगातली सर्व पात्रं व दैवतं, सर्व माध्यमांसाठी, कायमस्वरूपी’ असं वाक्य दिसलं, तर ते खोडून मगच सही करा.